भाजीच्या पिशवीतले सगेसोयरे

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये,' अशी आपल्याकडे म्हण आहे. नद्या आणि ऋषी यांच्यापुरते हे पथ्य मी निमूटपणे पाळत आलो. पण झाडाझुडपांच्या बाबतीत मात्र माझे सारे आयुष्य कुळे शोधण्यातच गेले. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्याचा पेशा पत्करला, त्यामुळे खोड अशी जडली आहे की, कुणी एखादी डहाळी पुढे केली तर तिचे नाव विचारण्याआधी जुन्या काळच्या आजोबांसारखा प्रश्न माझ्या तोंडून निघतो, "ही कुणापैकी?"

पुष्कळांना हा निव्वळ चाळा वाटतो. शाळेत पाठ केलेली लॅटिन नावांची जंत्री, परीक्षेतले पाच गुण आणि नंतरचे सुखद विस्मरण, एवढाच त्यांचा वर्गीकरणाशी संबंध. दिवाळीच्या फराळाबरोबर हा कोरडा घास कशाला, असेही कुणी म्हणेल. पण वाचकहो, हा विषय ग्रंथालयातल्या कपाटात नाही. तो तुमच्या स्वयंपाकघरात, खुंटीला अडकवलेल्या भाजीच्या पिशवीत आहे. आणि प्रसंगी घरातल्या माणसाचा जीवही त्याच्याशी बांधलेला असतो.

भाजीवालीची वाटणी आणि शास्त्रज्ञाची

वर्गीकरण आपण सगळेच करतो. मंडईतली भाजीवाली पालेभाज्या एकीकडे मांडते, फळभाज्या दुसरीकडे, कांदे-बटाटे तिसरीकडे. वाणी कडधान्यांची पोती एका ओळीत लावतो. आमच्या घरी याहून कडक वर्गीकरण चालते, ते म्हणजे उपासाचे आणि बिनउपासाचे. बटाटा, रताळे, साबुदाणा, शेंगदाणा, राजगिरा, मिरची ही सारी मंडळी एकादशीला पाटावर बसतात. तांदूळ आणि गहू बाहेर. यात गंमत अशी की, पाटावरचे हे बहुतेक पाहुणे मूळचे अमेरिका खंडातले आहेत. पोर्तुगीजांची जहाजे येण्यापूर्वी यांतल्या बटाट्याचे, मिरचीचे किंवा शेंगदाण्याचे नावही आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते.

या वाटण्या खोट्या नाहीत. ज्या कामासाठी केल्या ते काम त्या चोख बजावतात. पण त्यांच्यात एक उणीव आहे. बटाटा उपासाला चालतो एवढे कळल्याने बटाट्याविषयी दुसरे काहीच कळत नाही. त्याचे फूल कसे, त्याला कीड कोणती लागेल, त्याचे कलम कशावर बसेल, त्याच्या पाल्यात विष असेल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शास्त्रज्ञाला हवी असते ती वाटणी निराळी. दोन-चार खुणा पाहून वस्तू एका गटात घातली की, न पाहिलेल्या दहा गोष्टी आपोआप कळल्या पाहिजेत. लग्न ठरवताना वडीलधारी माणसे मुलाच्या नाकाडोळ्यांपेक्षा घराण्याची चौकशी अधिक करतात ती उगाच नव्हे!

केसर मोजणारा पंडित

अशी वाटणी करायची कशी, या प्रश्नाने माणसाला फार जुन्या काळापासून छळले आहे. आपल्या चरकसंहितेत वनस्पतींचे चार गट सांगितले आहेत. फूल न दिसता फळ धरणारे ते वनस्पती. फूल आणि फळ दोन्ही दाखवणारे ते वानस्पत्य. फळ पिकताच मरून जाणाऱ्या त्या ओषधी. आणि पसरणाऱ्या, चढणाऱ्या त्या वीरुध. वड, पिंपळ आणि औदुंबर पहिल्या गटातले. औदुंबराचे फूल कुणी पाहिले नाही असे आपण म्हणतो, कारण त्याची बारीक फुले उंबराच्या पोटात बंद असतात. निरीक्षण किती बारकाईचे होते पाहा.

युरोपात हा प्रश्न हाती घेतला तो स्वीडनच्या कार्ल लिनियसने. १७३५ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि १७५३ साली त्या वेळी ठाऊक असलेल्या सगळ्या वनस्पतींची मोठी यादी छापली. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची रीत या ग्रंथाने रूढ केली. आडनाव आधी आणि स्वतःचे नाव मागून, एवढाच आपल्या नावांत आणि त्यांत फरक. या कामात त्याला आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या एका ग्रंथाचाही उपयोग झाला. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचे १६७५ सालचे कोकणीतले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे.

लिनियसची युक्ती अगदी सोपी होती. फुलातले पुंकेसर मोजायचे. एक असेल तर पहिला वर्ग, दोन असतील तर दुसरा, असे एकूण चोवीस वर्ग. ज्याला अंक मोजता येतात त्याला वनस्पती लावता येतात! ही पद्धत झपाट्याने पसरली यात नवल नाही. पण तिचा परिणाम काय झाला पाहा. गव्हाच्या फुलात तीन केसर, म्हणून गहू तिसऱ्या वर्गात. भाताच्या फुलात सहा, म्हणून भात सहाव्या वर्गात. आणि मक्याची नर व मादी फुले वेगवेगळी, म्हणून तो पार एकविसाव्या वर्गात, भोपळ्याच्या पंक्तीला! शेतात पोळ्याचा बैलसुद्धा सांगेल की गहू, भात आणि मका हे तिघे गवताच्याच जातीचे आहेत. एकाच खुणेवर घर वाटले की सख्खे भाऊ असे तीन गावी जातात.

लिनियसला स्वतःलाही हे ठाऊक होते. आपली पद्धत सोयीची आहे, नैसर्गिक नाही, असे तो मानत असे. पुढे फ्रान्समध्ये अ‍ॅडनसनने १७६३ साली आणि जुस्यूने १७८९ साली एकाऐवजी अनेक खुणा एकत्र पाहून कुळे बांधली. पान, फूल, फळ, बी, सगळ्यांची साक्ष घ्यायची आणि मगच निकाल द्यायचा. तरीही एक प्रश्न उरलाच. इतक्या खुणा एकत्र का सापडतात? उत्तर १८५९ साली डार्विनने दिले. एका कुळातल्या वनस्पती सारख्या असतात, कारण त्यांचे पूर्वज एक असतात. तोवर 'कूळ' ही केवळ उपमा होती. डार्विननंतर ते खरेखुरे नाते झाले.

वांग्याचे घराणे

आता पिशवी उलटी करू या. वांगे, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही चार मंडळी वेगळी काढा. रंग, रूप, चव, कशातच मेळ नाही. पण वांग्याच्या देठापाशी जी हिरवी टोपी असते तशीच लहानशी टोपी मिरचीला आणि टोमॅटोलाही आहे. फूल गळले तरी त्याखालची ही चांदणी गळत नाही. तिघांची फुले आठवा: पाच पाकळ्या बुडाशी जोडलेल्या आणि मधोमध पाच केसर. फळ आडवे कापले तर आत चपट्या बियांची दाटी. बटाट्याचे फूल शहरातल्या माणसाला सहसा दिसत नाही. पण ते वांग्याच्या फुलाचे धाकटे भावंड शोभेल, आणि त्यानंतर धरणारे फळ हुबेहूब हिरव्या टोमॅटोसारखे असते. चौघेही एका कुळाचे.

या घराण्यात आणखी कोण आहे? अंगणातली रातराणी आहे, कुंडीतला पेटुनिया आहे, वैद्यांची अश्वगंधा आहे, काट्यांची भुईरिंगणी आहे. आणि तंबाखू आहे, धोत्रा आहे. म्हणजे या कुळाचा पिढीजात धंदा जहाल रसायने तयार करण्याचा. युरोपातल्या लोकांनी टोमॅटोकडे कितीतरी दिवस संशयाने पाहिले, कारण त्यांच्या रानातली विषारी बेलाडोना त्याच घराण्यातली. त्यांचा संशय अगदीच वेडगळ नव्हता. बटाट्याची फळे विषारीच असतात. उजेडात राहून हिरवा पडलेला, मोड आलेला बटाटा कडू लागतो, तो त्याच पिढीजात विषामुळे. तो उकडला तरी निवत नाही, म्हणून टाकून द्यावा. धोत्र्याच्या बियांची गोष्ट तर सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी. त्या मिरचीच्या बियांसारख्याच चपट्या दिसतात, आणि जुन्या काळी वाटसरूंना त्या चारून लुटणाऱ्या भामट्यांनी या सारखेपणाचा पुरेपूर फायदा घेतला. मिरचीचे बी फिकट पिवळे आणि गुळगुळीत. धोत्र्याचे तपकिरी आणि खडबडीत. दोघे दिसायला जवळ आहेत हा योगायोग नव्हे, ते चुलत भाऊ आहेत.

नात्याचा उपयोग भले करण्यासाठीही होतो. टोमॅटोचे कलम बटाट्यावर बसते, रानवांग्याच्या खुंटावरही बसते. पण आंब्याचे कलम फणसावर कुणी बसवून दाखवलेले नाही. वांग्याच्या वाफ्यात पाठोपाठ टोमॅटो लावू नये असे जाणता शेतकरी सांगतो, कारण एकाचा रोग दुसऱ्याला ओळखतो.

घरातल्या घरात अशी आणखी कुळे पडताळता येतील. तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा, चार कडा हाताला लागतील. मग पुदिन्याची फिरवा. दोघींचा चौकोनी बांधा आणि पानांतला सुगंध एकाच माहेरचा आहे. कोथिंबीर, जिरे, ओवा आणि बडीशेप फुलावर आली की उलट्या छत्रीच्या काड्यांसारखे तुरे काढतात. गाजर आणि हिंगाचे झाडही त्यांच्यातलेच. मुळा, मोहरी, कोबी यांच्या फुलाला पाकळ्या चार, अधिकच्या चिन्हासारख्या. मुलांना सुटीत हा खेळ लावून द्या. पत्त्यांचा डाव मोडून ती कोथिंबीर निरखू लागतील.

धोब्याची खूण

कुळाचे ज्ञान किती दूरवर पोचते याचे एक उदाहरण सांगतो. आंबा खाताना देठाचा चीक ओठाला लागला तर ओठ उततो, हे कोकणातल्या पोराला सांगावे लागत नाही. काजूच्या बीच्या टरफलात जे तेल असते त्याने हात भाजतात. काजू फोडणाऱ्या बाया म्हणून हाताला राख किंवा तेल चोपडतात. आणि बिब्बा! त्याचे तेल अंगाला लागले की फोड येतात. आंबा, काजू, बिब्बा हे तिघे एकाच कुळाचे, आणि चारोळी-पिस्तेही त्यांचेच. कातडी जाळणारा चीक हा या घराण्याचा वारसा.

आता दुसऱ्या महायुद्धात चला. हिंदुस्थानात उतरलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी काहींच्या मानेवर खाजरे चट्टे उठू लागले. लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा चोर सापडला शर्टाच्या गळपट्टीत. आपल्याकडचे धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत, आणि त्या खुणेखालची कातडी सोलून निघत होती. १९४३ साली या विकाराचे वर्णन वैद्यकीय मासिकात 'धोब्याच्या खुणेचा त्वचारोग' अशा नावानेच प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या रानात 'पॉयझन आयव्ही' नावाची एक वेल आहे. तिचा स्पर्श झाला की अंगावर फोड येतात, आणि एकदा त्रास झालेल्याला पुन्हा लवकर होतो. ही वेल बिब्ब्याच्या कुळातली. म्हणजे त्या शिपायाने बिब्बा जन्मात पाहिला नसेल, तरी त्याच्या कातडीची बिब्ब्याच्या भावकीशी ओळख आधीच झालेली असू शकत होती. कातडीला लॅटिन येत नाही. पण कूळ तिला बरोबर कळते.

कमळे चार, घरे चार

इथवर वाचून कुणाला वाटेल की, सारखे दिसले की एका गटात घालावे, झाले वर्गीकरण! तिथेच तर सारी मेख आहे. सारखेपणा दोन तऱ्हांचा असतो. एक रक्ताचा आणि एक परिस्थितीचा. दोन भाऊ सारखे दिसतात ते एका आईचे म्हणून; दोन पोस्टमन सारखे दिसतात ते एकाच खात्याचा गणवेश घातला म्हणून. निसर्गातही असे गणवेश असतात.

कमळ आणि कुमुद यांचेच पाहा. दोघांची मुळे चिखलात, दोघांची पाने गोल, दोघांची फुले पाण्यावर. कवींनी त्यांना सख्ख्या बहिणी मानले आणि कितीतरी दिवस शास्त्रज्ञांनीही मानले. तरी फरक दिसत होता. कमळाचे पान पाण्याच्या वर उभे राहते आणि त्यावरचा थेंब घरंगळून जातो. कुमुदाचे पान पाण्यावर पसरते आणि त्याला देठापर्यंत चीर असते. अलीकडे पेशींतल्या डीएनएची साक्ष काढली तेव्हा निकाल असा लागला की, कमळाचे जवळचे नातलग आहेत चिनार वृक्ष आणि बागेतला सिल्व्हर ओक! दाल सरोवरात फुललेली कमळे आणि काठावरचे चिनार हे कोट्यवधी वर्षांपूर्वी दुरावलेले भाऊबंद आहेत. उपासाला आपण मखाणे खातो ते कमळाचे बी नव्हे. ते कुमुदाच्या घरचे.

नावाने कमळ असलेल्या आणखी दोघी आपल्या अंगणात आहेत. कृष्णकमळाचे कूळ तिसरे. आणि मध्यरात्री फुलणारे ज्याचे फूल पाहायला शेजारपाजार बोलावतो ते आपल्याकडचे 'ब्रह्मकमळ' तर मध्य अमेरिकेतून आलेले, फड्या निवडुंगाच्या कुळातले. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या आणि झेंडूच्या घरचे आहे. नावावर जाऊन सोयरीक करू नये ती अशी.

किड्याला कळले ते

निवडुंगाची गोष्ट निघालीच आहे तर पुढे नेतो. आपण ज्यांना निवडुंग म्हणतो त्यांत दोन कुळे मिसळली आहेत. फड्या निवडुंग अमेरिकेतला; त्रिधारी निवडुंग आपल्याच मातीतला, एरंडाच्या कुळातला. दोघांनाही कोरड्या जागी राहायचे, म्हणून दोघांनी पाने टाकून जाड हिरवी खोडे आणि काटे धारण केले. हाही गणवेशच. पण त्रिधारीला ओरखडा काढा, पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची धास्ती असते. म्हणून कुंपण तोडताना कुठला निवडुंग समोर आहे हे ओळखणे केवळ शास्त्राचे काम नव्हे. चंद्रज्योत ऊर्फ मोगली एरंड याच घराण्यातला. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि वांत्यांनी बेजार होतात.

ईस्ट इंडिया कंपनीला फड्या निवडुंगावर वाढणारा, किरमिजी रंग देणारा अमेरिकन किडा हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून असे किडे बंगालमध्ये आणले गेले. पण ते निघाले दुसऱ्याच जातीचे, दिसायला सारखे आणि रंगाला हलके. व्यापार बुडाला, किड्यांनी मात्र एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगाने माजून शेतजमिनी व्यापल्या, तेव्हा लोकांना वाटले की हाच किडा सोडावा. किडा त्याला तोंड लावीना! अखेर १९२६ साली श्रीलंकेहून त्या किड्याची सख्खी पण वेगळी जात आणली, आणि थोड्याच वर्षांत रान मोकळे झाले. त्रिधारीला यांपैकी कुणीच शिवले नाही. माणसाने जिथे एक 'निवडुंग' पाहिला तिथे किड्याने तीन वेगळ्या जाती पाहिल्या. त्याच्या पोटाचा प्रश्न होता ना!

पपई आणि मोहरी

गणवेशाखालचे नाते ओळखायचे तर कधी कधी जिभेची साक्ष उपयोगी पडते. पपईला जुन्या ग्रंथकारांनी कृष्णकमळाजवळ बसवले होते. शेवग्याला कुठे बसवावे याचा तर बराच घोळ होता. आता एक करा. पपईची एखादी बी दाताखाली धरा. मोहरीसारखी झोंबेल. शेवग्याच्या मुळीलाही तोच उग्र दर्प असतो. मोहरी, पपई आणि शेवगा तिघांतही एकाच प्रकारची झणझणीत द्रव्ये तयार होतात. रॉल्फ डालग्रेन या शास्त्रज्ञाने १९७५ साली या रसायनांच्या आधारे ही कुळे एकत्र आणली, तेव्हा अनेकांनी मान हलवली. एक वेल नाही, एक रोप नाही, एकाची शेंग, एकाचे फळ, हे कसले नाते! पुढे डीएनएच्या अभ्यासाने तीच बाजू उचलून धरली, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सपुष्प वनस्पतींच्या नव्या मांडणीत ही तिघे एका गणात आली. सांबारातल्या शेवग्याच्या शेंगेला मोहरीची फोडणी घालणाऱ्या सुगरणीने नकळत भाऊ-बहिणीची भेट घडवली म्हणायची.

कडू दुधी

आता सुरुवातीला दिलेले वचन पुरे करतो. दुधी, काकडी, भोपळा, कारले, दोडका, पडवळ, कलिंगड या वेलींचे एक मोठे कूळ आहे. ताणे काढून चढायचे, नर आणि मादी फुले वेगळी काढायची, मादी फुलाखाली इवलेसे फळ आधीच तयार ठेवायचे, या त्यांच्या खुणा. या कुळाचे पिढीजात शस्त्र म्हणजे अतिशय कडू अशी विषारी द्रव्ये. रानातले कडू इंद्रावण, कडू भोपळा, कडू दोडकी यांच्यात ती भरपूर असतात. आपल्या पूर्वजांनी शेकडो पिढ्या कमी कडू फळांचे बी राखून राखून गोड दुधी आणि गोड काकडी घडवली. पण शस्त्र म्यान केले म्हणजे मोडले असे नव्हे. रानवेलीच्या परागाशी संकर झाला, किंवा वेलीला फार ताण पडला, की एखादे फळ पुन्हा घराण्याच्या वळणावर जाते. बाहेरून ते तसेच हिरवे, कोवळे, देखणे दिसते.

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत दुधीच्या रसाची टूम आहे. आमच्या शेजारच्या सूनबाई एकदा पेला घेऊनच आल्या. "काका, आज रस भारी कडू झालाय. मामंजी म्हणतात, औषध कडूच असायचं, लिंबू पिळून दे. देऊ का?"

मी म्हटले, "सूनबाई, तो पेला आधी मोरीत ओता. मामंजींना सांगा, काकांनी सांगितलंय म्हणून."

मामंजी रागावले. दुधी स्वतः निवडून आणला होता, पैसे मोजले होते, आणि कडू म्हणजे गुणकारी हा आयुष्यभराचा विश्वास! मी त्यांना २०१० साली दिल्लीत घडलेली गोष्ट सांगितली. नेहमी असा रस घेणाऱ्या एका शास्त्रज्ञांनी त्या दिवशी तो कडू असूनही प्यायला, आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने निक्षून सांगितले की, दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागला तर फेकून द्यावा, आणि कडू रस चुकूनही पिऊ नये. प्यायल्यावर वांत्या, जुलाब किंवा अस्वस्थता वाटली तर ताबडतोब दवाखाना गाठावा. या विषावर उतारा म्हणून औषध नाही. मामंजींनी पेला ठेवला, पण विचारले, "मग कारल्याचं काय?" प्रश्न रास्त होता. कारले नेहमीच कडू असते, त्याची कडू द्रव्ये निराळी आहेत आणि भाजी म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या पचलेले आहे. दुधीचे तसे नाही. जो कधी कडू नसतो तो कडू झाला, म्हणजे तो आपला राहिला नाही, रानाचा झाला.

कुळाचे ज्ञान हे असे असते. ते निकाल देत नाही, सावध करते. धोत्र्याचा चुलत भाऊ म्हणून मिरची सोडायची नाही आणि बिब्ब्याचा म्हणून आंबाही नाही. फक्त कुणाच्या घरात काय पिकते ते ध्यानात ठेवायचे.

आपल्या वाडवडिलांनी हे ध्यानात ठेवण्याची सोयसुद्धा करून ठेवली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाखाली जे कारीट चिरडतात, ते काकडी आणि चिबडाचे रानातले भावंड आहे. पुष्कळ घरी त्याचा थेंब जिभेच्या टोकाला लावायची रीत आहे. लहान मुले तोंड वाकडे करतात, मोठी माणसे हसतात, आणि सगळे फराळाला बसतात. यंदा ते कारीट मुलांच्या हाती द्या, ताणे आणि फूल मिळाले तर तेही दाखवा, आणि त्या कडू चवीची ओळख एकदा नीट करून द्या. पुढे कधी दुधीच्या तुकड्यात ती भेटली, तर मूल तिला ओळखील आणि पेला खाली ठेवील.